दोन झेंड्यांची शिलाई

मामंजी,

तुमचं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. घरात आता हे आणि मी. भेटायला माणसं अजून येतात. ओट्यावर टेकतात, पाणी पितात, आणि जो तो दोन गोष्टी बोलतो. पहिली, "भोर संस्थानच्या झेंड्याचा शिंपी गेला." दुसरी जरा मान ताठ करून, "आणि त्याच अंमलात तिरंगा शिवायची छाती दाखवली तीही ह्यांनीच." मी पदर सावरते आणि मान हलवते. पहिली गोष्ट साऱ्या भोरला ठाऊक आहे. दुसरी खरी नाही, आणि ते फक्त तुम्हाला नि मला ठाऊक होतं, असं मी परवापर्यंत धरून चालले होते.

मला चार इयत्तांपुरतंच लिहिता येतं. तुम्ही होतात तोवर तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून आता कागदावर बोलते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लग्न होऊन आले तेव्हा मी पंधरा वर्षांची. माहेर वेल्ह्याचं. माझे वडीलही शिंपीच, पण आमच्याकडचं शिवण म्हणजे पासलीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवरच्या बंड्या आणि पोरींची परकर-पोलकी. तुमचं दुकान भोरच्या पेठेत, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. भिंतीवरच्या खुंटीला धुतलेल्या फडक्यात बांधलेली एक कात्री. ती फक्त झेंड्याची, तिला दुसरं कापड लावायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे दिवसभर नसरापूरला कापडाच्या दुकानात. बाईविना घर आणि करड्या मिशांचा सासरा. मी मनातून घाबरून गेले होते.

चौथ्या दिवशी तुम्ही एक सदरा बेतत होतात आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, काखेत कापड वाया जातंय." बोलले आणि जीभ चावली. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. चष्म्यावरून बघितलंत.

"मग तू दाव."

मी खडूच्या दोन रेघा मारल्या. तुम्ही त्या रेघांवरून बोट फिरवलंत.

"कुणी शिकिवलं?"

"बापानं."

"बाप शाना हाय तुझा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मशीन उचलून आतल्या खोलीत जाळीच्या खिडकीपाशी ठेवलंत. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "सुनेला मशिनीवर बसवलं व्हय?" तुम्ही सुईत दोरा ओवता ओवता म्हणालात, "मशिनीला काय कळतंय, पाय बाईचा का बाप्याचा!" मी आत तोंडात पदर कोंबून हसले. सासरी आल्यावरचं माझं ते पहिलं हसू.

दसरा जवळ आला की तुमची चाल बदलायची. त्या दिवसांत तुम्ही विडी ओढत नसा. राजवाड्यावर एक आणि राजगडावर एक, असे दोन झेंडे दर दसऱ्याला नवे लागत. कापड दरबारातून यायचं, पांढरं. रंगवलेलं आणलं तर तुम्ही परत पाठवायचात. "इलायती रंग पयल्या उन्हात इटतो," असं तुमचं म्हणणं. फाल्गुनात तुम्ही स्वतः टेकडीवर जाऊन पळसाची फुलं गोळा करून सुकवून ठेवलेली असत. ती उकळायची, तुरटी घालायची, वर काव, म्हणजे तांबडी माती, कालवायची, आणि कापड तीन वेळा बुडवून तीन वेळा सावलीत वाळवायचं. ते प्रमाण तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलंत, पण तेही शब्दांत नाही. माझी बोटं रंगात बुडवलीत आणि म्हणालात, "हितं, हा चिकटपणा आला की थांबायचं."

झेंडा साधा. त्यावर चित्र नाही, अक्षर नाही. काठीकडं दोरीसाठी नेफा, आणि दुसऱ्या कडेला मधोमध आत गेलेली खाच, म्हणजे दोन टोकं मोकळी फडफडायची. पहिल्या वर्षी मी विचारलं, "मामंजी, ही दोन टोकं का?"

शाळेतल्या शास्त्रीबुवांनी तेव्हाच एकदा ओट्यावर बसून सांगितलं होतं की भगवा म्हणजे संन्याशाची छाटी. राजानं राज्य करायचं ते आपलं म्हणून नव्हे, हे त्यानं रोज मान वर करून बघावं म्हणून तो उंच लावायचा. आणि दोन टोकं म्हणजे एक धर्म, एक राज्य. मला ते फार आवडलं होतं. तुमच्याकडूनही असंच काही ऐकायला मिळेल असं वाटलं.

"वारा," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे?"

"वाऱ्यात कापड कडेला मधोमध आधी फाटतं. आपुन तेवढं आधीच काढून टाकायचं. मग वाऱ्याला वाट घावती, झेंडा चार म्हैने जास्त टिकतो."

"एवढंच?"

"एवढंच. बाकीचा अर्थ लोकं घालत्यात. शिंप्यानं टीप घालायची."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते कधी संपलंच नाही. मी म्हणायची, नुसती टीप असती तर तुम्ही विडी का सोडता, कात्री का बांधून ठेवता? तुम्ही म्हणायचात, "गप. बॉबीन भर."

त्याच्या पुढच्या दसऱ्याला तुम्ही मला राजगडावर नेलंत. मी माहेरी निघाले होते, आणि तुम्ही गडावर झेंडा पोचवायला. नसरापूरपर्यंत आपण बैलगाडीनं गेलो, पुढं चालत. वाटेत तुम्ही अचानक म्हणालात, "वेल्ह्याला उद्या जा. आपुन शिवल्याला झेंडा वाऱ्यावर न बघणारा शिंपी आंधळा. चल वर." त्या वर्षीची निम्मी शिलाई माझी होती. ते तुम्ही कुणासमोर बोलला नव्हतात, पण विसरलाही नव्हतात.

गुंजवण्यात भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं होत आलेलं. गावातल्या एका म्हातारीनं आपल्याला अडवलं. तुमच्या हातातलं गाठोडं तिनं ओळखलं. दोन्ही हातांनी ते कपाळाला लावलं आणि म्हणाली, "पद्मावतीच्या पदराचा तुकडा ह्यो. आई गडावर बसती न् पदर वाऱ्यावर सोडती." तुम्ही म्हणालात, "व्हय आजी, तसंच हाय." वर चढताना एका धनगरवाड्यावर ताक प्यायला थांबलो. तिथल्या दादानं गाठोड्याकडं बोट करून मला विचारलं, "ह्यो कशापायी, ठावं हाय का? मेंढरांच्या म्होरक्याच्या गळ्यात घंटा अस्ती न्हवं? कळप धुक्यात हरवला तर घंटंच्या मागनं जातो. तशी ही बिनआवाजाची घंटा." तुम्ही त्यालाही म्हणालात, "व्हय, बरुबर."

"तुम्ही सगळ्यांनाच व्हय म्हणता," मी पुढं गेल्यावर म्हणाले.

"खोटं काय बोलली ती? मी झेंडा शिवून दिला. आता तो त्येंचा."

गडावर जुना झेंडा उतरवून नवा चढवला गेला. दोरी ताठ झाली, वारा आला आणि कापडाचा असा आवाज झाला की मी दचकून तुमचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा नसतो, हे लक्षात आलं तेव्हा मी तो सोडला. तुम्ही तिकडं बघितलंच नाही. मान वर करून बघत होतात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. खालच्या बाजूला वेल्हे, समोर तोरणा, आणि आपण दोघांनी घातलेली टीप डोक्यावर. माझं सगळं आयुष्य त्या दिवशी मला फार मोठं वाटलं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

जुना झेंडा तुम्ही भोरला आणलात आणि नेहमीसारखा नीरेत सोडलात. फाटका झेंडा फडकं म्हणून वापरायचा नाही, चुलीत घालायचा नाही. पाण्यात सोडायचा आणि तो दिसेनासा होईस्तोवर मागं वळायचं नाही. तुमचे नियम असे शब्दावाचून शिकले मी.

मग बेचाळीस साल आलं.

हे तोवर खादी घालायला लागले होते. नसरापूरच्या दुकानातली नोकरी सुटली होती. चळवळीतल्या मंडळींबरोबर गावोगाव फिरत. संस्थानात सभेला बंदी, मिरवणुकीला बंदी. एक दिवस हे तुमच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आबा, वेल्ह्याच्या बाजारात तिरंगा लावायचा ठरलंय. शिवून द्या."

तुम्ही टीप थांबवली नाहीत. "न्हाई."

"का? तुम्हीच म्हणता, अर्थ लोक घालतात."

"शिवीन की. पण दरबारचा झेंडा शिवतोय तवर न्हाई. खाल्ल्या मिठाची गोष्ट हाय."

"कुणाचं मीठ? ते मीठ रयतेच्या भातातनं आलंय!"

तुम्ही दोघंही ओरडलात. तुमचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शेवटी हे उठले. "मी कागदाचा लावीन," म्हणाले, "पण ह्या उंबऱ्यात परत यायचा न्हाई." आणि गेले. तुम्ही संध्याकाळपर्यंत मशिनीवर बसून होतात, पण एक सदराही पुरा झाला नाही.

त्यानंतरच्या नसरापूरच्या बाजारच्या दिवशी तुम्ही सकाळी बाहेर पडलात. मी दार लोटून घेतलं. ह्यांच्या खादीच्या धोतराचं एक पान होतं, ते पांढऱ्या पट्ट्याला. दरबारच्या कापडाला हात लावायचा नाही एवढं मला कळत होतं. म्हणून भगव्यासाठीही खादीच घेतली, पण रंग मात्र तुमच्या मडक्यातला होता, मागच्या दसऱ्याचा उरलेला. वेळ नव्हता, म्हणून एकदाच बुडवून चुलीच्या धगीवर वाळवली. हिरव्याचं काही सुचेना. शेवटी लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि पदराकडचा हातभर तुकडा कापला. चरखा निळीनं काढला. आऱ्या मोजून काढल्या, तरी एक वाकडी झालीच. भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्याहून जास्त भीती वाटली ती ह्याची, की हे कागदाचा झेंडा लावतील आणि पहिल्या सरीत तो लगदा होईल आणि लोक हसतील. शिंप्याच्या पोराचा झेंडा कागदाचा!

तुम्ही दुपारी लवकर परतलात. झेंडा मी भाताच्या कणगीत दडवला होता. दुकान झाडलं होतं. पण मशिनीच्या बॉबीनमध्ये हिरवा दोरा राहिला होता. त्या आठवड्यात हिरवं काहीच शिवायला आलेलं नव्हतं. तुम्ही मशिनीपाशी उभे राहिलात. मी चुलीपाशी. मला तुमची पाठ दिसत होती.

तुम्ही जाळीतून रस्त्याकडं बघत म्हणालात, "दोन रंगांच्या जोडाला दुहेरी टीप घालावी लागती. न्हाई तर वाऱ्यात उसवतं."

एवढं बोलून पायात वहाणा घालून तुम्ही पुन्हा बाहेर गेलात. मी दार लोटलं आणि दुहेरी टीप घातली.

कामासाठी भोरला आलेला माझा भाऊ दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला परत निघाला होता. भाकरीच्या गाठोड्यात खाली झेंडा ठेवून, हे गाठोडं तुझ्या दाजींना दे, एवढंच त्याला सांगितलं. निरोप दिला नाही. नाव घातलं नाही.

बाजारच्या दिवशी वेल्ह्यात वडाच्या झाडावर तो झेंडा लागला. ह्यांनी स्वतः चढून बांधला आणि खाली उतरल्यावर पळून गेले नाहीत. ह्यांना पकडून नेलं. झेंडा उतरवला गेला, आणि तीन दिवसांनी फौजदार तो घेऊन आपल्या दुकानात आले.

त्यांनी तो तुमच्या पुढ्यात पसरला. माणूस वाईट नव्हता. उभ्या उभ्या हळू बोलत होता. "हा भगवा रंग भोरात एकाच घरी होतो. खोटं बोलू नका. पोरानं बाहेरून शिवून आणला आणि रंग तुमच्या घरचा, असं आहे का?"

मी आतल्या दाराशी होते. पाऊल पुढं टाकायचं ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण तुम्ही झेंडा हातात घेतलात, जोड उलटा करून बघितलात, नखानं दुहेरी टीप चाचपलीत आणि म्हणालात,

"रंग माझा. शिलाई बी माझी."

"आणि हे हिरवं? हे तर लुगड्याचं दिसतंय."

"सुनेच्या पेटीतनं चोरलं. तिला आज कळतंय. आता मला घरात जेवायला मिळायचं न्हाई."

फौजदारांना हसू आलं. मला रडू आलं. तुम्हाला कचेरीत नेलं, आणि त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत तुम्ही परत आलात. तिथं काय झालं ते आळीतल्या लोकांकडून कळलं. तुमचं वय आणि आजवरची सेवा बघून, माफी मागा आणि पूर्ववत काम करा, असं सांगितलं गेलं. तुम्ही विचारलंत, "माफी कशाची? शिलाई वाईट हाय का?" मग स्वतःच म्हणालात, "पण एका हातानं दोन झेंडे शिवू नयेत. दसऱ्याचा मान दुसऱ्या कुणाला द्या. माझी तक्रार न्हाई." आणि नमस्कार करून निघालात.

घरी येऊन खुंटीवरची कात्री काढलीत, तिला तेल लावलंत, पुन्हा फडक्यात बांधलीत. दसऱ्याच्या दरबारात तुम्हाला बसायला जागा होती, नारळ-पानाचा मान होता. तुमच्या आजोबांपासून चालत आलेलं ते सगळं माझ्या हातभर लुगड्यापायी गेलं. मी ताट वाढून आणलं आणि म्हणाले, "मामंजी, ते..." तुम्ही म्हणालात, "आमटी छान झालीया." मी आणखी एकदा तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, "अजून वाढ."

हे सहा महिन्यांनी सुटले. मला वाटलं, उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाहीत. पण हे सरळ आले आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. "आबा, मी चुकलो. तुम्ही शिवलात!" तुम्ही ह्यांना उठवून मागच्या परसात घेऊन गेलात. कितीतरी वेळ दोघं तिथं बोलत होता. आत आलात तेव्हा तुमचा हात ह्यांच्या खांद्यावर होता. मी ठरवलं, आता कधीच बोलायचं नाही. बापलेकांचं हे जे जुळलंय ते माझ्या खऱ्यानं कशाला उसवायचं?

पण एक सांगते, मनात ते टोचत राहिलं. हे चारचौघांत सांगायचे, "आमच्या आबांनी शिवला." तुम्ही मिशीवर हात फिरवत गप्प बसायचात. बाईनं केलेलं काम बाप्याच्या नावावर जातं, हे काही जगात नवं नाही. तरी तुम्हीसुद्धा, असं वाटायचं. मला वाचवायला तुम्ही ते बोललात हे मला कळत होतं. पण स्वराज्य आलं, भीती सरली, त्यानंतरही?

मग संस्थान विलीन झालं. गेल्या वर्षी, शिमग्याच्या आधी. राजवाड्यासमोर सगळं भोर लोटलं होतं. तिरंगा पुण्याहून तयार आला होता, मधे आता चरखा नव्हता, चक्र होतं. मंडळींनी तुम्हाला पुढं बोलावलं, हार घातला आणि सांगितलं की ह्याच गृहस्थानं बंदी असताना तिरंगा शिवला होता. टाळ्या झाल्या. मी बायकांच्यात उभी होते. तुमची नजर माझ्याकडं आली आणि मी मान फिरवली.

तुम्ही त्यांना एकच मागणं केलंत. "भगवा मला उतरवू द्या."

कुणीतरी म्हणालं, "आजोबा, तुमचं वय झालं. शिपाई उतरवील."

"चढवायला कुणीबी चालतंय. उतरवायला जपणारा माणूस लागतो. जमिनीला लागता कामा न्हाई."

शिपाई बाजूला झाला. तुम्ही दोरी हाताहातानं सोडलीत. झेंडा खाली आला तो तुमच्या खांद्यावर. तो तुमच्या हातचा नव्हता, दुसऱ्या शिंप्यानं शिवलेला, बाजारी रंगाचा, विटलेला. तरी तुम्ही त्याची घडी तशीच घातलीत जशी आपल्या झेंड्याची घालायचात. मग तिरंगा चढला. लोक जयघोष करत होते आणि तुम्ही घडी छातीशी धरून मान वर करून बघत होतात.

घरी आलात आणि गळ्यातला हार काढून मशिनीला घातलात. मला वाटलं, मिरवणं अजून संपलं नाही. संध्याकाळी तुम्ही झेंडा घेऊन नीरेवर निघालात, मी मागोमाग आले. तुम्ही पाण्यात गुडघाभर उभे राहिलात, झेंडा सोडलात, आणि तुमचे खांदे हलायला लागले. तुम्ही रडत होतात. आणि मी, कसं बोलले कोण जाणे, मी काठावरून म्हणाले, "तिरंग्याचा हार गळ्यात घालून घेतलात आणि रडता भगव्यासाठी. नक्की कुठल्या झेंड्याचे तुम्ही?"

तुम्ही वळलात. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "दोन्हीत माझी माणसं हायेत, पोरी," एवढंच म्हणालात. मग पाण्याकडं तोंड करून झेंडा दिसेनासा होईस्तोवर उभे राहिलात. त्या बोलण्याबद्दल मी तुमची कधी क्षमा मागितली नाही. वर्षभर तुमचे पाय चेपले, औषध दिलं, शेवटच्या आजारात तोंडात पाणी घातलं. पण ते शब्द परत घेतले नाहीत.

परवा, सगळे गेल्यावर, हे ओट्यावर एकटेच बसले होते. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "एक सांगायचंय. तो वेल्ह्याचा झेंडा मामंजींनी शिवला नव्हता. मी शिवला होता."

हे माझ्याकडं वळले. मग हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

"मला सुटून आलो त्याच दिवशी कळलं. आबांनी परसात सांगितलं."

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"आबा म्हणाले, शिलाई तिची, नाव तेवढं माझं. मी म्हटलं, मग तिला सांगतो. तर म्हणाले, न्हाई. मी पुढं झालो म्हणून तिला आधीच ओशाळं वाटतंय. तिनं आपनहून सांगितलं की मग तू बोल. तवर माझंच नाव सांग. कचेरीचे लोक अजून हायेत."

"आणि कचेरी गेल्यावर?"

"त्या हाराच्या दिवशी मी विचारलं त्यांना. आता तरी सांगू या ना, म्हटलं. तर म्हणाले, हार मी तिच्या मशिनीला घातला, पण ती बोलली न्हाई. राग आला असंल तिला. येऊ दे. राग हाय तवर ती माझ्याशी भांडल. भांडण हाय तवर घर जितं हाय."

मामंजी, तुम्ही एवढं सगळं परसात बोलायचात आणि मला मात्र सांगायचात, आमटी छान झाली. सहा वर्षं आपण तिघं एका ताटाशी बसत होतो, तिघांनाही एकच गोष्ट ठाऊक, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला जपत गप्प. मी तुमच्यावर चिडले आहे. खरंच चिडले आहे. आणि मला रोज दुपारी तुमची कात्री खडखडल्याचा भास होतो. नीरेच्या काठावरच्या त्या बोलण्याची क्षमा आता कुणाकडं मागू? हा कागद पाण्यात सोडावा असं वाटलं होतं. पण तुम्ही म्हणाल, झेंडा सोडतात, कागद नव्हे, शाई फुकट घालवू नको.

काल वेल्ह्याच्या शाळेचे मास्तर आले होते. पंधरा ऑगस्टला लावायला त्यांना तिरंगा हवाय. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून चाचरत विचारत होते, आता कुणाकडं जावं. मी म्हटलं, "चार दिवसांनी न्यायला या."

ते खुश होऊन उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "शाळेत मुलं विचारतील. झेंडा कुणी शिवला म्हणून सांगू? आबांच्या दुकानातला, असंच ना?"

हे ओट्यावरच बसले होते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पण तोंड उघडलं नाही. जाळीच्या खिडकीच्या आतून मी कधीच गिऱ्हाइकाला उत्तर दिलेलं नव्हतं. मी उठले, डोक्यावर पदर घेतला आणि दुकानात बाहेर आले.

"दुकान आबांचंच," मी म्हटलं. "शिलाई माझी, यमुनेची. माहेर वेल्ह्याचंच आहे माझं. सांगा त्यांना."